पत्र्यावरचे तीन ठोके

अट्रॅक्टा गिलहूलीच्या परसातल्या दोरीवर तीस वर्षं कोराबेग गावच्या फुटबॉल क्लबाच्या जर्सी वाळल्या. एक ते पंधरा, आकड्यांप्रमाणे ओळीनं. रविवारी सामना व्हायचा, सोमवारी सकाळी चिखलानं जड झालेलं पोतं तिच्या दारात येऊन पडायचं आणि बुधवारपर्यंत त्यातला चिखल मोरीत गेलेला असायचा. पैसे? पैशाचं नाव काढणाऱ्याला तिनं त्याच पोत्यात कोंबलं असतं. पोरं फुकट खेळायची, तिचा नवरा पॅकी मैदानाचं गवत फुकट कापायचा आणि समोरच्या टेकडीवरचा मॅलकी मॅकपार्टलिन दर वसंतात गोलाचे खांब फुकट रंगवायचा. गेलिक फुटबॉल म्हणजे घरचं कार्य. घरच्या कार्यात मजुरी कोण मागतं?

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती. पॅकीला जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी एथ्ना ऑस्ट्रेलियात, उजवा गुडघा कामातून गेलेला. घरात वॉकर धरून चालायची. मॅलकी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, धिप्पाड आणि हट्टाला पेटला तर गाढवालाही लाज आणणारा. दोघांच्या टेकड्यांमध्ये लव्हाळ्यांनी भरलेली एक ओली घळ. हाक मारली तर शब्द पोचत नाहीत, पण पत्रा वाजवला तर स्वच्छ ऐकू येतो.

आणि मॅलकी पत्रा वाजवायचा. त्यांच्या लीट्रिम काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघानं गोल केला की तो टीव्हीसमोरून उठून अंगणात यायचा आणि जळणाच्या खोपटाच्या पत्र्यावर फावड्यानं तीन ठोके द्यायचा. चेंडू खांबांवरून गेला तर गुण एक, जाळीत गेला तर गोल आणि गोलाचे गुण तीन, म्हणून ठोके तीन. मग अट्रॅक्टा आपल्या मागच्या दारात उभी राहून पातेल्याच्या झाकणावर डावानं तीन ठोके द्यायची. चाळीस वर्षं हे चाललं होतं. एकत्र बसून सामना बघणं काही त्यांना जमलं नाही. तो शिव्या घालतो म्हणून तिला खपायचं नाही आणि ती अटीतटीला जपमाळ काढते म्हणून त्याला खपायचं नाही. लीट्रिम म्हणजे लहान काउंटी, माणसं कमी, गोल त्याहून कमी. त्यामुळे पत्र्याला आणि झाकणाला विश्रांती भरपूर मिळायची.

पण तीन वर्षांमागच्या फेब्रुवारीत त्या ठोक्यांचा अर्थ बदलला. लीट्रिमनं गोल केला, मॅलकीनं ठोकलं आणि पलीकडून झाकण वाजलंच नाही. त्यानं पुन्हा ठोकलं. मग फावडं टाकून तो पायमोज्यांवरच घळ ओलांडून आला. अट्रॅक्टा मागच्या पायरीखाली बर्फासारख्या गार फरशीवर पडली होती, खुबा मोडलेला, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर बाई हाती लागली नसती. तेव्हापासून दोघांमध्ये न बोललेला नियम झाला. ठोक्याला ठोका आला नाही तर माणसानं बघायला जायचं.

एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं ह्या नियमावर आहे.

ह्या वर्षी वसंतात बातमी आली की लीट्रिमसारख्या काउंट्यांचे सामने आता साध्या टीव्हीवर दिसणार नाहीत. इंटरनेटवरची एक कंपनी ते दाखवणार, पैसे भरतील त्यांना. बड्या काउंट्यांचे बडे सामने तेवढे सगळ्यांसाठी. प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या भिंतीपाशी दुसरा विषय नव्हता.

"पैसे?" मॅलकी गरजला. "पोरं फुकट खेळतात, खांब मी फुकट रंगवतो, जर्सी हिनं फुकट धुतल्या. मग पैसे कशाचे मागतायत? कुंपणाचे?"

"काळ बदलला रे बाबा," अट्रॅक्टा म्हणाली.

"काळ बदलला तर मी काय करू? माझ्याच गल्लीतल्या पोराचं तोंड बघायला मी पैसे देणार नाही. रेडिओ आहे माझा. रेडिओला कुंपण नाही."

इकडे एथ्नानं आईच्या वाढदिवसाला परस्पर वर्षाचे पैसे भरून टाकले आणि आईच्या पुतण्याला पाठवून टीव्हीला ते यंत्र जोडून घेतलं. अट्रॅक्टाला कोण आनंद झाला! चित्र इतकं स्वच्छ की पोरांच्या जर्सीवरचे डागसुद्धा दिसत होते आणि ते कशानं निघतील हेही ती मनात ठरवून मोकळी झाली. तिनं मॅलकीला फोन केला. "ये की माझ्याकडे बघायला. एक दिवस शिव्या गिळ, मी जपमाळ गिळते."

"मला ते पाप नको," मॅलकी म्हणाला आणि फोन ठेवला.

पहिला सामना आला. तिच्या पडद्यावर चेंडू अजून लीट्रिमच्या गोलरक्षकाच्या हातात होता, आणि पलीकडच्या टेकडीवर ठण्, ठण्, ठण्! अट्रॅक्टा दचकली. ह्याला झालं तरी काय? तिनं सवयीनं झाकण वाजवलं आणि येऊन बसली. मग चेंडू इकडून तिकडे, तिकडून पुढे, आणि चांगल्या मिनिटभरानं गोल. मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि ही खुर्चीत थंड. जेवायला बसण्याआधीच कुणीतरी घास चावून दिल्यासारखं झालं. उत्तरार्धात पुन्हा तेच.

सामना संपताक्षणी तिनं फोन उचलला. "मॅलकी, तुझा रेडिओ माझ्या टीव्हीच्या मिनिटभर पुढं पळतोय."

"तुझा टीव्ही मागं पडलाय म्हण. पैसे मोजून शिळं घेतलंस."

"शिळं तर शिळं, पण माझ्या डोळ्यांनी बघू दे ना मेल्या! तुझं ठणठण झालं की सामन्यातला जीवच जातो."

"चाळीस वर्षांत नाही गेला तो!"

"आता जातो. ह्या वयात मला दुसरं सुख काय आहे सांग? बंद कर ते ठोकणं."

मग मॅलकी म्हणाला, "बरं. नाही ठोकत."

"अरे, तसं नव्हे..."

"नाही ठोकत म्हटलं ना. पैशाच्या टीव्हीला माझा आवाज सोसत नसेल तर राहिलं."

पुढचे तीन आठवडे दोघं दोन टेकड्यांवर दोन गाल फुगवून बसले. चर्चमध्ये मॅलकीनं नुसती टोपी उचलली, बोलला नाही. एका सकाळी मात्र तिच्या पायरीवर नव्या बटाट्यांची पिशवी आली, चिखलासकट. ती कुणाची ते सांगायला नको. अट्रॅक्टानं बटाटे उकडून खाल्ले, पण आभाराचा फोन केला नाही. आधी त्यानं करावा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हट्टाची लागण अशीच होते.

दुकानवाली नोरीन पावाची लादी बांधताना म्हणाली, "तुमचा शेजारी अंडी खायला लागला की काय? परवा अंडं उकडायचं घड्याळ घेऊन गेला. ते कोंबडीच्या आकाराचं, मिनिटं लावून फिरवलं की वाजतं ते."

"अंडी? त्याला अंड्यानं पित्त होतं," अट्रॅक्टा म्हणाली आणि दोघी हसल्या. "म्हातारपणी डोकं फिरलंय त्याचं, दुसरं काय!"

मग रॉसकॉमनशी सामना आला. शेजारची काउंटी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, शनिवारी चार वाजता. पूर्वी अशा दिवशी प्रत्येक घराच्या खिडकीतून टीव्हीचा आवाज यायचा. ह्या वेळी तसं काही नव्हतं. घरोघरी पैसे भरणं कुणाला परवडतं? चौफुलीवरच्या पबनं भरले होते, तेव्हा सगळं कोराबेग तिकडे. दोन वाजल्यापासून गाड्या खालच्या रस्त्यानं गेल्या, खिडक्यांतून हिरवे-सोनेरी झेंडे फडफडवत. आणि एकदा त्या गेल्यावर जी शांतता पसरली ती अट्रॅक्टाला आवडली नाही. आभाळ खाली उतरलेलं, वारा पडलेला, डासांचे थवे दारात लटकलेले. आपण आणि मॅलकी सोडून पंचक्रोशीत आज कुणी नाही, हे तिला उगाचच जाणवलं. तिनं दार लावून घेतलं.

नवव्या मिनिटाला लीट्रिमनं गोल केला. काय गोल होता! चेंडू वरून आला, त्या लालकेस्या पोरानं हवेतच मुठीनं ठोसा मारला, गेलिकमध्ये हात चालतो, आणि जाळी हलली. अट्रॅक्टा टाळ्या पिटत उठली, वॉकर धरून मागच्या दारापर्यंत गेली, झाकण हातात घेतलं. मग आठवलं. पत्रा आज वाजला नव्हता. गोलाच्या आधीही नाही, नंतरही नाही.

"शब्दाचा पक्का आहे हो!" ती मोठ्यानं म्हणाली. झाकण खाली ठेवलं. मागितलं ते मिळालं होतं, तरी तोंड कडू का झालं ते तिला कळेना.

तेवढ्यात पलीकडे मॅलकीचा कुत्रा भुंकायला लागला. अनोळखी माणसावर भुंकतो तसं नाही. एकाच सुरात, थांबून थांबून, कुणाला तरी हाक मारावी तसं.

मध्यंतराला ती खिडकीशी आली. इथून मॅलकीचं छप्पर दिसायचं, धुराडं दिसायचं, खोपटाचा पत्रा दिसायचा. अंगण तेवढं काटेरी कुंपणाआड. मॅलकी मध्यंतराला चुलीत जळाऊ मातीच्या विटा घालायचा, दलदलीतून स्वतः कापून वाळवलेल्या. मध्यंतर झालं की त्याच्या धुराड्यातून दाट धूर आलाच म्हणून समजा, तिनं त्यावर घड्याळ लावलं असतं. आज धुराची एक बारीक रेघ होती. बघता बघता ती पण विरली.

तिनं फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. फोन केला की म्हणणार, करमलं नाही ना? नाक खाली झालं ना? ह्या म्हाताऱ्याला तेवढंच हवंय. आणि ठोकू नको असं आपणच सांगितलंय. मग नाही ठोकलं म्हणून तपासाला कुठल्या तोंडानं जायचं? नियम तिनंच मोडला होता. मोडलेल्या नियमाचा उपयोग काय, हे तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि तरी ती खुर्चीत जाऊन बसली. तिचं हे बसणं तिला पुढे जन्मभर दिसत राहणार होतं.

उत्तरार्धात रॉसकॉमननं जोर केला. अट्रॅक्टाचं अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं कान लावून बाहेर. मॅलकीची गाय फाटकाशी येऊन हंबरत होती. तिच्या धारेची वेळ झाली होती. लीट्रिमनं दुसरा गोल केला, आणि पत्रा गप्प. मग कुत्रा पण थांबला. भुंकत होता तेव्हा त्रास होत होता, थांबल्यावर तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रेडिओ मोठा लावला असेल, ती स्वतःला म्हणाली. बहिरा झालाय मेला.

शेवटच्या मिनिटाला दोन गुणांची पिछाडी, आणि त्याच लालकेस्या पोरानं गोल केला. लीट्रिम जिंकलं! रॉसकॉमनला हरवलं! मैदानात माणसं रडत होती. अट्रॅक्टाचे डोळे मात्र कोरडे होते, कारण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं की ह्या गोलाला मॅलकी गप्प बसणं शक्य नाही. वचन गेलं चुलीत, राग गेला चुलीत, हा माणूस ह्या गोलाला पत्रा फाडून टाकेल. ती दारात गेली आणि आधी तिनंच झाकण वाजवलं. तीन ठोके. मग थांबली. पुन्हा तीन.

घळीतून काहीच आलं नाही.

"देवा, मी काय करून बसले!" ती म्हणाली.

पबला फोन लावला. तिथं जल्लोष इतका की फोन कुणी उचलेना. मग तिनं पॅकीची काठी घेतली, वॉकर दारातच सोडला आणि घळीत उतरली. रस्त्यानं जाणं सोपं पण लांब होतं. लव्हाळ्यांत पाय घोट्यापर्यंत जात होते, गुडघ्यातून कळा निघत होत्या. एकदा पडली, हातांवर रांगली, उठली. मॅलकी पायमोज्यांवर आला होता, पाच मिनिटांत. तिला अर्धा तास लागला.

तो खोपटापाशी पडला होता, पालथा. फावडं हाताशी. कुत्रा त्याच्या पाठीला चिकटून बसलेला, तिला बघून उठलासुद्धा नाही. खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ चालूच होता, कुणीतरी गळा काढून आनंदानं बोलत होतं. आणि रेडिओशेजारी एक प्लॅस्टिकची पिवळी कोंबडी. अंडं उकडायचं घड्याळ. काटा शून्यावर येऊन थांबलेला.

अट्रॅक्टा त्या कोंबडीकडे बघत राहिली. कोंबडीखाली पाकिटाचा तुकडा होता, त्यावर मॅलकीच्या वेड्यावाकड्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: गोल झाला की एक मिनिट थांबणे. मग ठोकणे.

तो रुसला नव्हता. पहिल्या गोलाला त्यानं कोंबडी फिरवली होती आणि फावडं घेऊन मिनिट सरायची वाट बघत उभा राहिला होता. तिच्या टीव्हीसाठी.

"मॅलकी! अरे मॅलकी!" तिनं गालाला हात लावला. गार. पण नाकाशी बोट धरलं तर श्वास होता, बारीक, घरघरता. ती त्याच्या स्वयंपाकघरात गेली, रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी स्लायगोहून निघणार, तास लागेल. फोनवरची मुलगी म्हणाली, त्यांना कुशीवर वळवा, श्वास मोकळा व्हायला हवा. अट्रॅक्टानं खांद्याला धरून ओढलं, गुडघा लावून ढकललं. तो धिप्पाड देह तसूभर हलला नाही. एक माणूस हवा होता. दोन हात असलेलं कुणीही.

आणि देवानंच पाठवल्यासारख्या खालच्या रस्त्यावर गाड्या आल्या. कुंपणावरून झेंड्यांची टोकं दिसत होती. ती ओरडली, पण आवाज कुंपणापर्यंतही गेला नसेल. तिनं फावडं उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी पत्र्यावर हाणलं. ठण्! ठण्! ठण्!

गाडीनं हॉर्न दिला. तीन वेळा. आणि पुढे गेली.

"थांबा! थांबा रे!" ठण्, ठण्, ठण्. दुसरी गाडी आली, तिनंही तीन हॉर्न दिले, आतून कुणीतरी ओरडलं, "लीट्रिम! शाब्बास मॅलकी!" कोराबेगमध्ये त्या पत्र्याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता? तिसरी गाडी. चौथी. ती ठोकत होती, फावड्याचा दांडा तळव्याला सोलत होता, आणि प्रत्येक गाडी तिला आनंदानं उत्तर देऊन जात होती. तीन ठोक्यांना तीन हॉर्न, एकही चुकला नाही. मग रस्ता रिकामा झाला.

तिनं फावडं टाकलं आणि त्याच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसून त्याचं डोकं कसंबसं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिका आली तेव्हा श्वास थांबून वीस मिनिटं झाली होती.

दोन दिवसांनी मॅलकीला त्याच्याच पुढच्या खोलीत ठेवलं, शवपेटीवर लीट्रिमचा झेंडा. सगळं कोराबेग रांगेनं आलं. चहाचे पेले फिरत होते, हॅम घातलेले पाव फिरत होते, आणि दुःखात एक प्रकारचं समाधानही फिरत होतं. असं मरण भाग्यवंताला येतं म्हणे. काउंटी जिंकली, पत्रा वाजवला, आणि गेला. अट्रॅक्टाला तो नंतर सापडला असंच सगळे समजून चालले होते, आणि तिला कुणी नीटसं विचारलंही नाही.

फिडेल्मा तिच्या शेजारी येऊन बसली. जिल्हा इस्पितळात नर्स आहे ती, गुणी मुलगी, अट्रॅक्टाचा खुबा मोडला तेव्हा रोज येऊन पट्टी बांधायची.

"काय ठोकत होते हो परवा मॅलकी!" फिडेल्मा डोळे पुसत म्हणाली. "आमचीच गाडी पहिली होती. मी म्हटलं, म्हाताऱ्याला उत्तर दे, आणि मीच हात घालून हॉर्न दिला. ऐकू गेला असेल ना त्यांना?"

अट्रॅक्टाच्या डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. दुसरा हात स्वेटरच्या खिशात होता, आणि त्या हातात ती प्लॅस्टिकची कोंबडी. खरं तिच्या जिभेवर आलं होतं. मग तिनं त्या पोरीचा चेहरा बघितला.

"तीन वेळा दिलास," ती म्हणाली. "स्वच्छ ऐकू आला, पोरी."